सेंट अँड्र्यूज: तिसऱ्या खेपेला लागलेला नंबर

रविवारी दुपारी पोहोचलो. ज्या ओल्ड कोर्स या जुन्या गोल्फ मैदानासाठी स्कॉटलंड गाठलं, तिथे लोक कुत्री फिरवत होते! रविवारी सहसा इथे खेळ नसतो, गावाला फिरायला मैदान मोकळं. तुम्हीही रविवारीच पोहोचा. मैदानातल्या स्विल्कन पुलावरचा फोटो फुकटात होतो, शिवाय जमीन पायाखाली कळते. टीव्हीवर सपाट दिसते, प्रत्यक्षात ढेकळांवर सतरंजी अंथरावी तशी आहे.

खेळायला मिळणं नशिबाचा भाग. बॅलटमध्ये, म्हणजे सोडतीत, दोन दिवस आधी दुपारी २ च्या आत नावं द्यायची, किमान दोघांची, हँडिकॅपसह (खेळाडूची पातळी सांगणारा आकडा). मंगळवार, बुधवार हुकले, गुरुवार लागला. म्हणून हातात चार-पाच दिवस ठेवा. फी तीनशे पौंडांच्या वर, कॅडीचे (बॅग उचलून सल्ला देणाऱ्याचे) वेगळे. पण कॅडीवर काटकसर करू नका. आमच्या कॅडीचा एकच मंत्र होता: शंका आली की डावीकडे मार. तो ऐकला तेव्हा वाचलो.

पहिल्या टीवर, म्हणजे सुरुवातीचा फटका मारायच्या जागी, मात्र पाय लटपटले. समोर पहिल्या आणि अठराव्या होलचा मिळून मैदानाएवढा फेअरवे (कापलेल्या गवताचा पट्टा), चुकायला जागाच नाही, आणि पाठीमागे बघे. चेंडू कसाबसा शंभर यार्ड गेला.

पूर्वी इथे २२ होल होते. १७६४ मध्ये पहिल्या चारांचे दोन केले, तेच जाता-येता खेळायचे, म्हणून दोन्ही वेळचे दोन-दोन घटून १८. सात ग्रीन (भोकाभोवतालची गुळगुळीत हिरवळ) अजून दुहेरी आहेत, एकेकीवर दोन होल. दोन्ही होलांच्या आकड्यांची बेरीज दर वेळी १८: दुसरा-सोळावा, तिसरा-पंधरावा. झेंड्याचा रंग बघून मारा. जाताना पांढरा, येताना लाल. मी पाचव्यावर तेराव्याच्या झेंड्यावर नेम धरला होता. मेहुणा ओरडला, "दाजी, तो आपला नाही!"

सतराव्याला हॉटेलच्या शेडवरून आंधळा फटका मारायचा. तो जमला, पण पुढे रोड बंकर या वाळूच्या खड्ड्यात सापडलो. तिसऱ्या प्रयत्नात चेंडू मागच्या बाजूने बाहेर काढला. तुम्ही पहिल्यातच काढा.

एडिनबराहून रेल्वेने ल्यूकर्सला उतरायचं, पुढे बस. वाऱ्यासाठी जाकीट जूनमध्येही लागतं. मैदानात फिरायला बग्गी (छोटी गाडी) मिळत नाही, तेव्हा बूट आधी चालून मऊ केलेले असावेत.

हँडिकॅप नसलेल्यांसाठी शेजारीच 'हिमालयाज' नावाचं उंचसखल पटिंग ग्रीन (हलक्या फटक्यांनी चेंडू भोकात घालायची हिरवळ) आहे, थोडक्या पौंडांत. तिथे बायकोने आम्हा दोघांना हरवलं.