तुम्ही विचारलंत म्हणून: डबा उघडला की आधी वास का घेते

"डबा उघडलास की आधी वास का घेतेस, तेही डोळे मिटून?" ऑफिसात आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. परवा नव्याने लागलेल्या मुलाने तर काळजीने विचारलं, "मॅडम, भाजी आंबलीय का?" म्हणून आता एकदाच सांगते.

नाही, मी कुठलंही शिबिर केलेलं नाही. 'छोट्या गोष्टींत आनंद शोधा' छापाचे सुप्रभात मेसेज मी न वाचता पुसते.

एप्रिल २०२१. कोविडमध्ये वास गेला, चव गेली. आजूबाजूला माणसं जात होती, तिथे नाकाचं काय रडायचं, म्हणून गप्प बसले. दूध करपून पातेलं काळं झालं तरी मी बाहेरच्या खोलीत ढिम्म. शेजारच्या काकूंनी बेल वाजवली तेव्हा कळलं.

जुलैत वास परतला, पण वाकडा. पॅरोस्मिया म्हणतात त्याला. ओळखीचे वास भलतेच येतात. कांदा, लसूण, कॉफी यांचे तर हमखास. एका रविवारी आईने मला बरं वाटावं म्हणून भरली वांगी करायला घेतली. कांदा तेलात पडला आणि घरात जळकं रबर नि कुजका कचरा एकदम शिरला. मी ओरडले, "काय सडवतेयस गं?" आणि मोरीकडे धावले. परत आले तेव्हा गॅस बंद होता. कढई गॅलरीत, वर ताट झाकलेलं. आई खिडक्या उघडत होती. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी कांद्याची टोपली गायब. पुढचे पाच महिने आमच्या घरात कांदा आला नाही. भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला कांदा नसेल तर जेवल्यासारखं न वाटणारी बाई ही. कितीतरी नंतर काकूंच्या तोंडून कळलं: दुपारी ती त्यांच्याकडे जायची, स्टुलावर बसून कांदा-भाकर खायची आणि बडीशेप चावून घरी यायची.

डॉक्टरांनी वासाचा व्यायाम सांगितला. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. दिवसातून दोनदा, प्रत्येकी वीसेक सेकंद. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल या संशोधकाच्या गटाने २००९ मध्ये हेच चार वास वापरून प्रयोग केला होता. कसलाच नीट वास न येणाऱ्या डबीत नाक खुपसून लवंग आठवायची, म्हणजे वेडेपणाच. पण एके सकाळी लवंग लवंगेसारखी आली. तिथून पुढे खोड लागली ती लागलीच.

मानसशास्त्र शिकवणारी मैत्रीण म्हणते, हाच आस्वाद. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ फ्रेड ब्रायंट यांनी यावरच आयुष्यभर काम केलंय: सुखाची वाट पाहणं, ते चालू असताना त्यात रेंगाळणं, मागाहून आठवणं, आणि यातून सुख वाढतं. असेल. माझं मात्र मलाच कळत नाही, मी वासाचा आनंद घेते की हजेरी घेते. आलास? आजही आहेस ना? बऱ्याच दिवशी तर नुसती हजेरीच असते, आणि मग जेवण थंड होतं ते वेगळंच.

पूर्वीची मी लॅपटॉपसमोर सात मिनिटांत डबा संपवायची. ती काही दुःखी नव्हती. तिला हे सगळं सांगितलं असतं तर 'वेळ आहे बुवा तुला' म्हणून हसली असती, आणि ती चूक होती असं मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही. पण वरणावर तूप सोडल्यावर जी वाफ वर येते ना, तिच्याकडे तिने एकदाही मान वळवली नव्हती, याचा मला राग येतो. आईवर ओरडले ती तर नंतरची मी. तिला कुठे बसवायचं ते अजून ठरलेलं नाही.

कांदा परत आलाय. पण तो चिरायला घेतला की आई आजही स्वयंपाकघराचं दार लोटून घेते. मी जाऊन उघडते. ती सुरी थांबवून विचारते, "पंखा लावू का?"