भोगवटा पत्रात पाचवा मजला नव्हता

पुण्यातल्या सिंहगड रोडचा तो रिसेल फ्लॅट आईला पाहताक्षणी आवडला. पाचवा मजला, पूर्वेकडे गॅलरी, खाली पारिजातक. एजंट म्हणाला, "ताई, टोकन देऊन टाका, पेपर क्लिअर आहेत." मी आधी वकीलबाईंकडे गेले.

त्यांनी ३० वर्षांचा सर्च घेतला, म्हणजे जमिनीचे जुने व्यवहार तपासले. सातबारा, फेरफार, एनए (बिगरशेती) ऑर्डर सगळं जुळलं. इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा, मी स्वतः नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर काढलं. मालकांच्या करारनाम्यावरचा दस्त क्रमांक तोच निघाला. जुलै २०२४ मध्ये एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हापासून या भागाची धास्तीच आहे. म्हणून पूररेषाही पाहिली. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. इमारत लाल रेषेच्याही बाहेर होती.

अडलं ते भोगवटा पत्रावर, म्हणजे इमारत वापरायला परवानगी देणाऱ्या महापालिकेच्या दाखल्यावर. झेरॉक्स पुसट होती, पण 'अंशतः' हा शब्द दिसला आणि पुढे मजले लिहिले होते: पहिला ते चौथा. आमचा पाचवा.

मालक काकांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, बारा वर्षं राहतोय, टॅक्स भरतोय, कुणी काही विचारलं नाही." पावत्या खऱ्याच होत्या. पण मिळकतकर अनधिकृत बांधकामालाही लागतो, पावतीमुळे बांधकाम कायदेशीर ठरत नाही, हे वकीलबाईंनी मला दोनदा समजावलं. मला ते तोवर खरंच माहीत नव्हतं.

मग दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज केला. मंजूर नकाशा आणि दिलेली सगळी भोगवटा पत्रं मागितली. महिनाभर एजंट रोज फोन करत होता, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणून. उत्तर आलं: नकाशात पाचवा मजला मंजूर आहे, पण चौथ्याच्या वरचं भोगवटा पत्र दिलेलंच नाही. बिल्डरने पुढे अर्जच केला नव्हता.

आई दोन दिवस गप्प होती. आम्ही तो फ्लॅट सोडला.

त्या कागदांची एक प्रत काकांना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून ती सावकाश वाचली, मग उठून शेजारचं दार वाजवलं. त्या मजल्यावरच्या चारही घरांत कुणालाच हे ठाऊक नव्हतं.