झोपेची गोळी मी चिठ्ठीशिवाय का देत नाही

देवगडात आमचं औषधाचं दुकान आहे. "ताई, झोपेची एखादी गोळी दी गे, रात्रभर डोळ्याक डोळो लागना नाय," असं म्हणणारं कुणी ना कुणी येतच असतं. चिठ्ठी नसते. मी नाही म्हटलं की विचारतात, ओळखीचे असून का देत नाही? ओळखीचे आहात म्हणूनच देत नाही.

कायदा तर आहेच. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही झोपेची आणि गुंगीची औषधं शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे जास्त कडक नियमांच्या सरकारी यादीत येतात. चिठ्ठी बघून पेशंटचं नाव, डॉक्टरांचं नाव, औषध आणि किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या रजिस्टरला लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. पण कायदा नसता तरी मी दिली नसती.

या गोळ्यांनी झोप येते, हे खरं. घरात कुणी गेलं, मोठं ऑपरेशन झालं, तर डॉक्टर थोडे दिवस देतात आणि तेव्हा त्या उपयोगीच असतात. महिनोन् महिने चालू राहिल्या की शरीराला त्यांची सवय लागते, अर्धीची एक होते, एकीच्या दोन होतात. एकदम बंद केल्या तर झोप आधीपेक्षा जास्त उडते, हात थरथरतात, कुणाला फिट्सही येतात. म्हणून जे वर्षानुवर्षं घेतायत त्यांनी हे वाचून आज गोळी टाकून देऊ नये. डॉक्टर ती हळूहळू उतरवून देतात. आणि दारूबरोबर तर कधीच नको, श्वास मंदावतो.

मला सगळ्यात जास्त काळजी म्हाताऱ्या माणसांची वाटते. आपल्याकडे कितीतरी घरांत संडास अजून मागच्या परसात आहे. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ, लाईट गेलेली, आणि गोळीच्या गुंगीत माणूस रात्री उठून निघतो. पडला की खुब्याचं हाड, आणि त्यानंतर अंथरूण.

मग म्हणतात, निदान खाजेवरची ॲव्हिल तरी द्या. तिनेही गुंगीच येते. वयस्कांना गोंधळल्यासारखं होतं, प्रोस्टेटची गाठ वाढलेली असेल तर लघवी अडकते. जायफळ आपल्या बागेतलं, म्हणून त्याला कुणी औषध समजत नाही. सहाणेवर दोन वळसे दुधात उगाळून घ्या, माझी हरकत नाही. पण अख्खं जायफळ कुटून घेतलं तर उलट्या, धडधड, भलतंसलतं दिसणं, हे सगळं होतं.

गोळी मागणाऱ्याला मी आधी सांगते, घरातली औषधांची पिशवी घेऊन या. ती काउंटरवर ओतली की पुष्कळदा तिथेच उत्तर सापडतं. एका आजोबांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं आणि ते ती रात्री जेवल्यावर घेत. मग उठायचं, परत पडायचं, पुन्हा उठायचं. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी ती सकाळी घ्यायला सांगितली. झोपेचं औषध लागलंच नाही. स्टेरॉइडची गोळी संध्याकाळी घेतली तरी झोप उडू शकते. वेळ बदलण्याआधी मात्र डॉक्टरांना विचाराच.

पिशवीत काही सापडलं नाही तर मी दिवसभराचं विचारते. साडेआठला अंथरुणावर, अडीचला जाग, म्हणजे सहा तास झाले. वर दुपारी मासे-भात जेवून दोन तास. ही झोप कमी नाही, चुकीच्या वेळी वाटली गेलीय. दुपारची अर्ध्या तासावर आणा आणि रात्री डोळे जड होईपर्यंत आडवे होऊ नका.

खरोखरच झोप येत नाही त्यांच्यासाठी सीबीटी-आय नावाची उपचारपद्धत आहे, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलून, गोळीशिवाय केलेला उपचार. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 साली सांगितलं की जुन्या निद्रानाशात गोळीच्या आधी हीच द्यावी. तिचा गाभा असा: उठायची वेळ रोज एकच, रात्र कशीही गेली तरी. अंथरूण फक्त झोपेसाठी. झोप लागेना तर उठून पडवीत बसा, मोबाइल न घेता, आणि पेंग आली की परत या. साडेपाच तासच झोप होत असेल तर साडेअकराला पडून पाचला उठायचं, ती सलग लागू लागली की पंधरा-पंधरा मिनिटं वाढवायची. सुरुवातीला दिवसा पेंग येते. म्हणून गाडी चालवणारे, बोटीवर जाणारे, फिट्सचा त्रास असणारे यांनी हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावं. फरक दिसायला काही आठवडे लागतात. संध्याकाळचा चहा मात्र आजच सोडा. त्यातलं निम्मं कॅफिन पाच-एक तासांनीही अंगात असतं.

खलाशांचं वेगळं. रात्री जाळी टाकायची, दिवसा झोपायचं, आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद झाली की अचानक रात्री झोपायचं. शरीराचं घड्याळ असं एका दिवसात फिरत नाही. त्यांनी उठल्याबरोबर उजेडात जावं, ढग असले तरी. घरात बसून राहू नये.

घोरताना श्वास अडकतो, पाय सारखे वळवळतात, पहाटे जाग येऊन जगणंच नको वाटतं, अशांनी माझ्याकडे नाही, थेट डॉक्टरांकडे जावं. आठवड्यातून तीन रात्री, असं तीन महिने चाललं असेल तरीही जावं.

मुंबईहून मुलगे फोन करतात, आईला झोपेच्या गोळ्या पोचवा म्हणून. मी त्यांना सांगते, तिला रात्री करता तो फोन दुपारी तीनला करा आणि बराच वेळ बोला.