संगणकाने दिलेली दोन शून्यं

मी ठाण्यात शाळेत गणित शिकवते. मधल्या सुट्टीत नववीतली एक मुलगी संगणक कक्षातून कागद घेऊन आली. स्प्रेडशीटमध्ये तिने १११११११११ चा वर्ग केला होता आणि उत्तर आलं होतं १२३४५६७८९८७६५४३००. "बाई, शेवटी एक असायला हवा ना?"

हवाच. एकमध्ये संपणाऱ्या संख्येचा वर्ग एकमध्येच संपतो. पुढचा तास माझाच होता. पोर्शन राहू दे म्हटलं आणि ती संख्या फळ्यावर लिहिली.

मुलांना विचारलं, गुणाकार न करता हे उत्तर चूक ठरवता येईल? एकाने अंकांची बेरीज केली: ७८. मूळ संख्येत नऊ एक, म्हणजे तिला नऊने भाग जातो आणि वर्गाला ८१ ने जायला हवा. ७८ ला तर नऊनेही जात नाही! दुसरी म्हणाली, दोन शून्यं काढली की शेवटी तीन उरतात आणि कुठलाच वर्ग तीनमध्ये संपत नाही. म्हणजे ही संख्या पूर्ण वर्गच नव्हे. मला फार आनंद झाला, कारण हे मी सुचवलं नव्हतं. स्प्रेडशीट पंधराच अंक जपते आणि पुढे शून्यं भरते, हे मी नंतर सांगितलं.

मग हाताने मांडलं. एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक एक घर डावीकडे सरकलेली. स्तंभांची बेरीज एक, दोन असं करत नऊपर्यंत चढते आणि तशीच उतरते: १२३४५६७८९८७६५४३२१. अंकांची बेरीज बरोबर ८१. मूळ अवयव पाडले तर ३, ३७ आणि ३३३६६७ एवढेच. तीनचा चौथा घात, बाकी दोघांचे वर्ग. त्यामुळे विभाजक ५ × ३ × ३, म्हणजे ४५. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच असते.

गणितज्ञ द. रा. कापरेकरांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववेना. जन्म १९०५ चा, डहाणूचा, शालेय शिक्षण ठाण्यात. पुढे देवळालीला शिक्षक. १, १२१, १२३२१ या संख्या ज्या कुळातल्या, त्याला त्यांनी डेम्लो संख्या म्हटलं ते डोंबिवली स्टेशनवरून, कारण कल्पना तिथे सुचली. डोंबिवली ऐकताच मुलं सरसावून बसली. अनेकांचे मामा-मावश्या तिकडेच राहतात.

"दहा एक घेतले तर?" मागच्या बाकावरून प्रश्न आला. उत्तर निघालं १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ गायब! तो कुठे गेला यावर वर्गात वाद पेटला, तेव्हा कागदवाली मुलगीच फळ्याशी आली. मधल्या स्तंभात दहा होतात, तिथे शून्य, हातचा एक. शेजारच्या नवात तो मिळवला की पुन्हा दहा, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. तो आठाला मिळाला आणि आठाचा नऊ झाला.