ब्रुनोचा आवाज बसला होता

ब्रुनो आमचा बारा वर्षांचा लॅब्रॅडॉर. मार्चपासून त्याचं भुंकणं घोगरं झालं होतं. पूर्वी दूधवाला आला की अख्खी इमारत जागी व्हायची, आता नुसती खरखर. आई म्हणायची, "वय झालं गं त्याचं." मीही तेच धरून चालले.

जुलैत त्याचं पोट बिघडलं, सिरप मिळालं. मी जबडा धरला, मान वर केली आणि दहा एमएलची सिरिंज एका दमात घशात रिकामी केली. लहानपणी गावी असंच पाजताना पाहिलं होतं. ब्रुनोला जोरात ठसका लागला, मग तो शांत झाला. मला वाटलं, गेलं पोटात.

दुसऱ्या रात्री त्याने उकडलेल्या चिकनकडेही पाहिलं नाही. आडवा पडेना. कोपरं बाहेर काढून, मान लांब करून नुसता बसून राहिला. पावणेदोनला मी मोबाइलवर मिनिट लावून श्वास मोजले : 52. झोपलेल्या कुत्र्याचे तिसाच्या आत असायला हवेत.

मुलुंडला तेव्हा धो धो पाऊस. दोन रिक्षावाले कुत्रा बघून निघून गेले. तिसऱ्याने स्वतः उतरून चादरीचं दुसरं टोक धरलं. त्याचं नावही विचारायचं राहिलं, याची अजून चुटपुट लागते.

ताप 104. एक्स-रेत उजव्या फुफ्फुसाचा मधला भाग पांढरा. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "मान वर करून पाजलंत का?" आणि दुसरं, "भुंकणं बदललंय?" म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरच्या स्वरयंत्राचे स्नायू लुळे पडत जातात. श्वास घेताना दार पुरतं उघडत नाही, गिळताना नीट मिटत नाही. औषध त्या फटीतून फुफ्फुसात गेलं होतं. घरात म्हातारा लॅब असेल आणि आवाज बसला असेल, तर डॉक्टरांना एवढं तरी सांगाच. मी चार महिने गप्प बसले.

चार दिवस ऑक्सिजन आणि शिरेतून अँटिबायोटिक. खोकल्याचं औषध मी मागितलं, पण त्यांनी दिलं नाही. आतली घाण खोकूनच सुटायला हवी होती. घरी आल्यावर नेब्युलायझरने नुसत्या सलाईनची वाफ, आणि मग आई तळवा वाटीसारखा करून त्याच्या बरगड्यांवर थोपटायची. पोकळ टप टप आवाज आला की बरोबर, चापट मारल्यासारखा आला की हात सपाट पडलाय. माझा सपाटच पडायचा. आईचा कधीच नाही.

आता गोळी भाताच्या गोळ्यात जाते. पातळ औषध द्यावंच लागलं तर मान सरळ ठेवून, गालाच्या कडेने, एकेक एमएल, आणि त्याने गिळल्यावरच पुढचं. गळ्यातला पट्टा काढून छातीचा घेतला. झोपेतले श्वास मी रोज कालनिर्णयच्या चौकटीत लिहिते. काल 24 होते.