आईला भंडारदऱ्याची छत्री दाखवली

आमच्या श्रीरामपूरकडे ऑगस्ट लागला की माणसं एकमेकांना विचारतात, "भंडारदरा भरलं का?" पंधरा ऑगस्टपर्यंत भरलं की जिवाला बरं वाटतं, पुढच्या आवर्तनांची, म्हणजे पाटाला ठराविक पाळीने सुटणाऱ्या पाण्याची, काळजी मिटते. आईने चाळीस वर्षं याच पाटाच्या पाण्यावर ऊस आणि गहू भिजवला, रात्री-अपरात्री बारे धरले, म्हणजे पिकाला पाणी दिलं. पण भंडारदऱ्याचं धरण तिने कधी पाहिलं नव्हतं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिला घेऊन शेंडीला गेले.

शेंडी हे धरणाला लागूनच असलेलं गाव. धरणाच्या पायथ्याला छोटी बाग आहे आणि बागेत छत्री धबधबा, ज्याला सगळे अंब्रेला फॉल म्हणतात. मोठा गोल कातळ, त्यावरून पाणी चहूबाजूंनी पसरत खाली येतं. हा धबधबा पावसावर चालत नाही. धरणाच्या मोरीतून, म्हणजे भिंतीतल्या दारातून, पाणी सोडलं तरच छत्री उघडते. मी पूर्वी एकदा फेब्रुवारीत गेले होते तेव्हा नुसता काळा कातळ दिसला, त्यावर वाळून उललेल्या शेवाळाचे पापुद्रे. म्हणून निघण्याआधी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून "पाणी चालू आहे का" एवढं नक्की विचारा. पावसाळ्यात नगर-नाशिकच्या वर्तमानपत्रांत साठा आणि विसर्ग छापून येतो, तोही बघा.

या वेळी पाणी होतं. आई समोरच्या पुलावर कठड्याला धरून उभी राहिली. तुषारांनी चष्मा पांढरा झाला, तिने तो पदराने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पांढरा झाला. मग चष्मा हातातच धरून म्हणाली, "हेच का गं आपल्या पाटाला येतं?" हेच. इथून प्रवरेत, रंधा धबधब्याच्या कड्यावरून खाली, मग निळवंडे धरण, पुढे ओझरचा बंधारा आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्याने आमच्या बांधापर्यंत. तिने मान वर करून बराच वेळ भिंत पाहिली. 1910 साली काम सुरू झालं, 1926 ला पुरं झालं. सगळं दगडी. गव्हर्नर लेस्ली विल्सनचं नाव धरणाला दिलं, साठा अकरा टीएमसी, म्हणजे अकरा अब्ज घनफूट. पण ज्यांनी तो दगड फोडला, वाहिला, रचला, त्यांचीही नावं इथे कुठेतरी दिसायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

वयस्कर माणसांना नेत असाल तर पकड असलेली चप्पल हवी. तुषारांनी वाट कायम ओली असते आणि शेवाळ दिसत नाही. धबधब्याखाली किंवा नदीपात्रात उतरू नका, विसर्ग वाढला की पाणी बघता बघता चढतं. शनिवार-रविवार, त्यातही जुलै-ऑगस्टचे, शक्यतो टाळा. मे अखेर ते जूनच्या काजव्यांच्या दिवसांतही गाड्यांच्या रांगा लागतात. आम्ही मंगळवारी सकाळी नऊला बागेत होतो, आमच्याखेरीज दोनच कुटुंबं होती.

मुंबईकडून येताना कसारा घाट, इगतपुरी आणि घोटीहून उजवीकडे वळा, तिथून बारीमार्गे पस्तीसेक किलोमीटर. वाटेत कळसूबाई दिसते, ढग नसतील तर. आमच्याकडून संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता. रोख पैसे आणि सुटे जवळ ठेवा. टपरीवर गरम भजी आणि कणीस मिळतं. जेवण घरगुती खानावळीत आधी सांगून ठेवलंत तर तांदळाची भाकरी आणि धरणातल्या ताज्या माशांचं कालवण मिळतं. आम्हाला मिळालं, आणि आई एरवी दुसऱ्याच्या हातची भाकरी नावाजत नाही!

वेळ असेल तर जलाशयाच्या कडेने रतनवाडीला जा. अमृतेश्वराचं जुनं दगडी मंदिर आहे आणि मागे रतनगड, जिथे प्रवरा उगम पावते. भाताची खाचरं तेव्हा पोटरीला आलेली, म्हणजे लोंब्या बाहेर पडायच्या बेतात, असतात. अंधार पडायच्या आत परत फिरा, रस्ता अरुंद आहे आणि धुकं अचानक उतरतं.

निघताना आईने पाण्याची रिकामी बाटली नदीकाठच्या नळाखाली नाही, पुलाजवळच्या तुषारांत धरली. भरायला फार वेळ लागला. मी गाडीपाशी थांबले, घाई केली नाही.