चारीचं दार आणि तो फोन

पंधरा एक वर्षं झाली कालव्यावर काम करतोय, कालवा निरीक्षक म्हणून, नाशिक जिल्ह्यातच. गाव सांगत नाही. एप्रिलमधल्या त्या दिवसाबद्दल लिहायचं खूप दिवस मनात होतं.

उन्हाळी आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडायची पाळी, चालू होतं. द्राक्षाची खरड छाटणी झालेली, बागेला पाणी म्हणजे जीव की प्राण. आमच्या चारीला, म्हणजे कालव्याच्या फाट्याला, मुखाशी 30 क्युसेक (सेकंदाला 30 घनफूट पाणी) सोडलेले आणि सहाव्या दिवशी टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, पाण्याचा थेंब नाही. सकाळी नऊला चौकीवर पोचलो तर साठ-सत्तर माणसं बसलेली, मला बघितल्यावर उठली आणि दार लावून घेतलं. कोणी हात लावला नाही हे सांगितलं पाहिजे, पण बाहेरही जाऊ देईनात.

गर्दीत एक पोरगा होता, राज्यशास्त्रात एमए करणारा, मोठा हुशार. तो म्हणाला, साहेब, तुमच्यावर राग नाही, ही सिस्टीमच सडलीये, सरकार नावाची गोष्टच काढून टाका, लोक आपलं आपण बघतील. मागून एकजण ओरडला, मग अराजक माजेल की! पोरगा म्हणाला अराजक नाही, अराज्यवाद, आणि मग क्रपोत्किन, प्रूधाँ या त्या विचाराच्या लेखकांचं सगळं सांगितलं, 1916 मध्ये बनारसला गांधीजी स्वतःला एक प्रकारचे अराज्यवादी म्हणाले होते तेही. दुसरी बाजूही होतीच, काही जण म्हणत होते एसआरपी आणा, चार जणांना आत टाका, की सगळे सरळ.

मी गप्प बसलो होतो. तेवढ्यात एक आबा बोलले, मूळ मोसम नदीच्या खोऱ्यातले. म्हणाले, आमच्याकडे फड होते, म्हणजे एकत्र पाणी द्यायचे शेतांचे गट, तीनेकशे वर्षांची पद्धत, बंधारा गावाचा, पाणी देणारे पाटकरी आणि राखण करणारे जागले गावाने नेमलेले, कोणत्या फडात कोणतं पीक ते पंच ठरवणार, सरकारचा माणूस नव्हता पण नियम लई कडक होता, आणि पाणी चोरून मोडलं तर कोणी मोडलं ते संध्याकाळपर्यंत गावाला कळायचं. मग पोराकडे बघून म्हणाले, तुझं पुस्तक खरं असेल बाबा, पण त्यात रात्री पाटावर कोण जागतं ते लिहिलंय का? पोरगा चिडला नाही, विचारात पडला, हे मला आवडलं.

मी म्हणालो, चला, आत्ता मुखापासून टेलपर्यंत चालू. आठ जण निघालो. सव्वानऊ किलोमीटर, ऊन मी म्हणत होतं. मोजले तर एकोणचाळीस डोंगळे, म्हणजे चोरून पाणी ओढायचे पाइप, निघाले, काही गवताखाली झाकलेले. तिसऱ्या किलोमीटरला चार इंची पाइप पोराच्या सख्ख्या मामाचा. पोरगा तिथेच खाली बसला. शेवटी स्वतः उठून पाइप ओढून काढला, मामा बांधावर उभे होते, एक शब्द बोलले नाहीत.

पण माझी पाळी पुढेच होती. सहाव्या किलोमीटरला उपचारीचं, म्हणजे चारीच्या पोटफाट्याचं, दार आहे, शेजपाळीप्रमाणे, म्हणजे पाणी वाटपाच्या ठरलेल्या पाळीप्रमाणे, ते बंद पाहिजे, ते वीतभर उघडं. कुलूप शाबूत, किल्ली माझ्याकडे. पोराने विचारलं, साहेब, हे कोणी उघडलं? मी उघडलं होतं. चार दिवसांपूर्वी रात्री पावणेदहाला वरून फोन आला होता, 'तेवढं थोडं सोडा', आणि मी सोडलं, कारण नाही म्हणायची मला सवयच राहिली नव्हती. त्या दारातून जे गेलं ते सगळ्या डोंगळ्यांपेक्षा जास्त होतं हे मला सांगता येतं, माझंच काम आहे ते. मी आठ जणांसमोर सगळं सांगितलं. सांगताना हात थरथरत होते.

मला त्या दिवसापासून 'सिस्टीम' हा शब्द नको वाटतो. सिस्टीमला हात नसतात, दाराला हात लावतो माणूस. सरकारात तो माणूस फायलीत लपतो, एवढा राग मला पोराचा पटतो, पण सरकार गेलं म्हणून मामाचा पाइप आपोआप निघत नाही. ओझरला बघा, वाघाड धरणाच्या टेलला, 1991 च्या सुमारास शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था काढल्या, पाणी मोजून घेतलं, वाटलं आपापसात, पाणीपट्टी आपण वसूल केली, पुढे अख्ख्या प्रकल्पाचं व्यवस्थापन संस्थांनी हाती घेतलं. धरण सरकारचंच राहिलं, या संस्थांचा 2005 चा कायदाही सरकारचाच, पण दारापाशी कोण उभा आहे ते सगळ्यांना माहीत. मला तिकडे जायचंय, दोन्ही टोकांना नाही.

डोंगळे काढले, दार बंद केलं. रात्री पाळ्या लावल्या, दोन-दोन माणसं, पहिली पाळी पोराची आणि मामाची. पहाटे साडेचारला पोराचा फोन आला, साहेब, टेलच्या मोजपट्टीवर पाणी चढायला लागलंय.

आठवड्याने मला खुलासा मागवला, दार विनापरवाना उघडल्याबद्दल. पोरगा म्हणाला मी लिहून देतो, मी म्हणालो नको, माझं मीच लिहिणार. पहिल्या ओळीत लिहिलं, दार मी उघडलं. दुसऱ्या ओळीत फोनची तारीख आणि वेळ, आणि कोणी केला होता त्याचं नाव.